आमच्या शाळेचा अर्ज



आमच्या शाळेच्या कपाटात एक पृथ्वीगोल आहे. तो खडू-फळा योजनेतला आहे, असे गुरुजी सांगतात. ही योजना केंद्र सरकारने १९८७-८८ साली सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, विज्ञानपेटी असे साहित्य मिळावे हा तिचा हेतू होता. आमच्या गोलावर अजून सोव्हिएत संघ हा एकच देश आहे. खरे तर १९९१ साली तो फुटून त्याचे पंधरा देश झाले. शिवाय आफ्रिकेला भोक पडले असून त्यातून वाळवीची माती गळते.

म्हणून नवा गोल व इतर साहित्य मागायचे ठरले. गुरुजी म्हणाले, "पत्रलेखन शिकलात ना? मग आता खरे पत्र लिहा."

पहिले पत्र मी लिहिले. "आमची शाळा गरीब आहे. मुले गरीब आहेत. तरी कृपया साहित्य देऊन उपकार करावे." मला ते फार चांगले वाटले होते. ज्या संस्थेला पाठवले तिचे उत्तर महिन्याने आले. त्यात प्रश्नच प्रश्न! पटसंख्या किती? सध्या काय आहे, काय नाही? किंमत किती? ते ठेवणार कुठे? गावाचा वाटा काय? माझ्या पत्रात यातल्या एकाचेही उत्तर नव्हते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ते पत्र वाचले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारात तीन सभासद पालक असतात. शाळेचा विकास आराखडा करणे व मिळालेल्या अनुदानाचा खर्च पाहणे हे तिचे काम. तेव्हा अर्जासोबत तिचा ठराव जोडावा. माझे पत्र ऐकून एक काका उठले. म्हणाले, "गरीब-गरीब कायले लिवता बाप्पा? आमी काय भीक मांगतो का? काय पायजे ते लिवा." मी खाली मान घातली. पण त्यांचे बरोबर होते.

मग प्रश्न आला, मागावे कोणाला? गुरुजींनी फळ्यावर समजावले. धर्मादाय संस्थेची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. हा कायदा १९५० चा आहे. संस्थेचे उद्देश तिच्या घटनेत लिहिलेले असतात व पैसा त्यांवरच खर्च करावा लागतो. दवाखान्यासाठी काढलेल्या संस्थेला पृथ्वीगोल मागून उपयोग नाही! आधी उद्देश विचारावा. दुसरे दार कंपन्यांचे. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. सरासरी नफा ५ कोटी असेल तर किती? शेकडेवारीचे गणित करून पाहा, १० लाख येतात. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात आहे. आपल्याकडे कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत, हे विसरू नये. तिसरे दार तर गावातच. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसाचा ५ टक्के अबंध निधी मिळतो. आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांवरही तो खर्च करता येतो. त्याचा निर्णय ग्रामसभेत होतो.

आता यादी. सातवीची मुले म्हणाली फुटबॉल. पालक म्हणाले संगणक. पण पावसाळ्यात लाईन गेली की चार-चार दिवस येत नाही, तेव्हा संगणक काय करायचा? गुरुजींनी आम्हाला वर्गावर्गांत जाऊन मोजायला लावले. पहिलीच्या वर्गात मला माझी बहीण दिसली. घरी ती दिवसभर बडबडते, वर्गात मात्र गप्प. घरी आम्ही पाण्याला येर म्हणतो. पुस्तकात पाणी आहे. तिला उत्तर येते, पण शब्द येत नाही. पहिलीतल्या नऊ मुलांपैकी सात जण घरी गोंडी बोलतात. हे मोजल्यावर आमची यादीच फिरली. सर्वांत आधी चित्रकार्डे लिहिली: प्राणी, झाडे, घरातल्या वस्तू. त्यांवर मराठी शब्द छापलेला असेल, खाली गोंडी शब्द आम्ही हाताने लिहू. त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरे, लोखंडी कपाट, नाहीतर नवा गोलही वाळवी खाणार. मग गोल. फुटबॉल शेवटी आहे, पण आहे.

तीन दुकानांतून दरपत्रके आणली. ती मागताना संकोच वाटतो, पण दुकानदार देतात. आलेल्या वस्तूंची नोंद जडसंग्रह वहीत करू व वापराचे फोटो पाठवू, असेही लिहिले. शाळेचा यू-डायस क्रमांक घातला. तो अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. मुख्याध्यापकांची सही व शिक्का घेतला. माझ्या अक्षरातला एक कागद खाडाखोडीमुळे तीनदा लिहावा लागला.

गावाच्या वाट्याचे मात्र अडले. तेव्हा गुरुजींनी गोव्याची गोष्ट सांगितली. पणजीला १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली. तिच्या शाळेसाठी लोक घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ देत, म्हणून ते नाव. ऐकून आजीबाई म्हणाल्या, "मंग आमच्या घरी का धान नाही?" धानकापणी झाल्यावर घरटी एक पायली धान द्यायचे ठरले. ते विकून कपाटाचे भाडे व वाहतूक भागेल. हेही अर्जात लिहिले. गरीब हा शब्द त्यात कुठेच नाही.

अर्ज गेल्या सोमवारी टपालात टाकला. त्याची नक्कल या कागदाच्या उजवीकडे चिकटवली आहे. पालकांनी ती वाचावी व चूक दिसल्यास सांगावी. खाली एक कोरी वही बांधली आहे. ज्या आजी-आजोबांना प्राणी, पक्षी, झाडे यांची गोंडी नावे सांगता येतील त्यांनी आम्हाला हाक मारावी. आम्ही लिहून घेऊ. पहिले पान माझ्या बहिणीने भरवले आहे.