जुना रोबो, नवा मालक आणि लायसन्सचं बिल

प्रश्न : माजलगावजवळ माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांचे सांगाडे बनवतो. कारखाने पेटायच्या तोंडावर वेल्डर मिळत नाहीत, म्हणून पुण्यात एका दलालाकडे वेल्डिंगचा जुना रोबो बघून ठेवलाय. भाव परवडतो, पण कंपनी सॉफ्टवेअरचे पैसे पुन्हा मागते असं ऐकलं. यंत्र माझं झालं, तर आतलं सॉफ्टवेअर माझं का नाही?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : जुना ट्रॅक्टर घेतला की आरसी बुकावर नाव चढवायचं, विषय संपला. बनवणाऱ्या कंपनीला विचारायला कोणी जात नाही. रोबोचं तसं नसतं. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर कंट्रोलरच्या पेटीत असतं आणि ते विकलेलं नाही, फक्त वापरायला दिलंय, असं कंपन्यांचे करार म्हणतात. तो करार पहिल्या मालकाशी झालेला. तुम्ही त्यात कुठेच नाही. म्हणून काही कंपन्या लायसन्स नव्या नावावर करायची फी लावतात आणि ती भरेपर्यंत सर्व्हिस इंजिनिअर पाठवायला खळखळ करतात.

पण तुमचा मोठा खर्च वेगळ्याच जागी दडलेला असू शकतो. गाडीचं मॉडेल बंद झालं की त्या लाइनवरचे रोबो बाजारात येतात. ते बहुधा स्पॉट वेल्डिंगचे नाहीतर माल उचलण्याचे असतात. फॅनुक या कंपनीच्या रोबोंमध्ये या कामांची सॉफ्टवेअर पॅकेजेसच वेगळी : स्पॉटटूल, हँडलिंगटूल आणि तुम्हाला लागतं त्या मिग वेल्डिंगसाठी आर्कटूल. दलाल ‘वेल्डिंगचा रोबो’ म्हणाला तर खोटं बोलला नाही, पण स्पॉटटूलवाला रोबो ट्रॉलीच्या चॅनेलला सलग वेल्ड मारणार नाही. असं पॅकेज किंवा ऑप्शन उघडायचा कोड त्या रोबोच्या एफ नंबरशी, म्हणजे ओळख क्रमांकाशी, बांधलेला असतो, शेजारच्या रोबोचा इथे चालत नाही. एबीबी या दुसऱ्या कंपनीच्या आयआरसी५ कंट्रोलरमध्येही किल्ली सिरियल नंबरला जोडलेली. म्हणजे पॅकेज बदलायचं तर कंपनीच्या दारात जावंच लागतं, आणि तिथे आधी तुमची मालकी तपासली जाते.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअरची प्रत ‘आधी विकली गेली असली तरीही’ तिच्या पुढच्या विक्रीवर हक्क मूळ धन्याचाच, अशा अर्थाचे शब्द १९९४ साली घातले होते. १९९९च्या दुरुस्तीत ते काढून टाकले. युरोपच्या न्यायालयानेही २०१२ साली ओरॅकलच्या खटल्यात, एकरकमी पैसे घेऊन कायमचं दिलेलं लायसन्स पुढे विकता येतं, असा निकाल दिला. माझं मत विचाराल तर नवीन ऑप्शनचे आणि इंजिनिअरच्या फेरीचे पैसे घेणं रास्त आहे. पहिल्या मालकाने ज्याचे पैसे मोजलेत त्याच सॉफ्टवेअरचे दुसऱ्याकडून पुन्हा घेणं पटत नाही. पण हा वाद कोर्टात घालून सीझनच्या आत ट्रॉल्या निघणार आहेत का? कंपनीला ईमेल करा, एफ नंबर द्या, आणि आजची फी लेखी मागवा. मगच दलालाशी भावाचं बोला.

तुमच्या प्रश्नात नाही, तरी सांगतो. रोबो गोडाऊनमध्ये किती दिवस पडून आहे, हे विचाराच. फॅनुकच्या बहुतेक रोबोंच्या हातांत डी साइझचे, म्हणजे जाड, चार सेल असतात. वीज नसताना प्रत्येक सांधा कुठे आहे ही आठवण ते राखतात. सेल मेले की रोबो आपली जागा विसरतो आणि मास्टरिंग, म्हणजे सांध्यांची जागा पुन्हा ठरवून देणं, नव्याने करावं लागतं. सेल बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा असतो. परळीत वीज बनते म्हणून आपल्या शेडमध्ये ती असतेच असं नाही, तेव्हा लाइट आहे ती वेळ साधून बदला. कंट्रोलरमधली छोटी लिथियम बॅटरी वेगळी. ती गेली तर प्रोग्रामही जातात. म्हणून यंत्र हलवण्याआधी दलालाच्या समोर संपूर्ण बॅकअप घ्या. कायदेशीर ताबा असलेल्याला नुकसानीपासून बचावासाठी प्रत काढायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. मात्र ‘कोड मी मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३ब प्रमाणे किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद आहे.

वय झालं म्हणून रोबो टाकाऊ होत नाही. ग्राहक यंत्र वापरतोय तोवर दुरुस्ती करायची, असं फॅनुकचं जाहीर धोरणच आहे. अडतं ते कागदावर. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. त्याची जागा, इमारती आणि काही यंत्रसामग्री घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. एवढ्या मोठ्या व्यवहारात कशाचा हक्क कोणाकडे गेला हे बघायला वकील बसलेले असतात. तुमचा वकील म्हणजे जीएसटीचं बिल. त्यावर हाताचा आणि कंट्रोलरचा मॉडेल नंबर, एफ नंबर आणि चालू ऑप्शनची यादी लिहून घ्या. पहिल्या मालकाच्या विक्रीच्या बिलाची झेरॉक्सही मागा. आणि दलालाच्याच गोडाऊनमध्ये टॉर्च लावून, तुम्ही नेलेल्या चॅनेलच्या तुकड्यावर वेल्ड मारून दाखवायला सांगा. एवढं करायला तो तयार नसेल, तर बोली भंगाराच्या भावाने लावा.