फळीवरच्या चित्राला चौकट कशी करावी?



कागदावरचे चित्र वहीत राहते. कापडावरचे चित्र गुंडाळून पेटीत ठेवता येते. पण हार्डबोर्ड, प्लायवुड किंवा लाकडी फळीवर काढलेले चित्र दुमडता येत नाही आणि गुंडाळताही येत नाही. ते भिंतीवरच राहायचे, म्हणून त्याला चौकट लागते. पुष्कळांना वाटते की चौकट म्हणजे शोभा. मला तसे वाटत नाही. आधी ओल, धूळ आणि किडा यांच्यापासून बचाव, मग शोभा.

याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची चित्रे खडकावर आहेत. खडकापेक्षा कडक फळी ती कोणती! कारागिरांनी खडकावर मातीचा गिलावा दिला, त्यात भाताचा कोंडा, गवत, झाडपाल्याचे तंतू मिसळले, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर रंगवले. खडक जागचा हलला नाही. पण पावसाचे पाणी झिरपले, गिलाव्यातले गवत किड्यांनी खाल्ले आणि चित्राचे पोपडे निघाले. म्हणजे चित्र समोरून खराब होते त्याहून जास्त पाठीमागून खराब होते. आपल्या विद्यापीठाचे मिलिंद सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह यांनी २०१६ साली याबद्दल एक शोध छापला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, तिथे किड्यांनी कमी नुकसान केले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते सापडले नाहीत.

दुसरी गोष्ट रोगणाची. निजामाच्या राज्यात १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला आले होते. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे मोठेच काम झाले. पण चित्रांवर लाखेचे रोगणही दिले. पुढे ते पिवळे पडले आणि खालचे रंग झाकोळले. ते काढायला नंतरच्या लोकांना फार वर्षे लागली. म्हणून चित्रावर थेट काही फासण्याआधी दहादा विचार करावा. काच, पुठ्ठा, चौकट ही उद्या काढून टाकता येतात, फासलेले रोगण सहज निघत नाही.

(नकला करून ठेवल्या म्हणजे चित्र वाचले, असेही नाही. रॉबर्ट गिल साहेबाने १८४४ पासून अजिंठ्यात बसून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर ग्रिफिथ्स साहेब आणि मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे विद्यार्थी यांनी केलेल्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या.)

आता आपल्या व्हरांड्याकडे या. मागच्या सातवीने हार्डबोर्डवर काढलेली तीन चित्रे आहेत. पद्मपाणीच्या चित्राला एका फ्रेमवाल्याने गच्च चौकट करून चारी बाजूंनी खिळे मारले होते. पहिल्याच पावसाळ्यात ते मध्ये फुगून पुढे आले, एका कोपऱ्यात रंग तडकला. असे का झाले, ते मी माझ्या मामांना विचारले. मामा सुतारकाम करतात. ते म्हणाले, "आरं, लाकडाला बी तहान लागती. पावसाळ्यात ते पाणी पितंय अन् वाढतंय, उन्हाळ्यात आकसतंय. तू त्याला चहूकडून दाबून धरलं तर ते जाईल कुठं? मधीच फुगंल की!"

दोन फुटी हार्डबोर्ड पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटरसुद्धा वाढू शकतो. म्हणून चौकटीची खाच चित्रापेक्षा थोडी मोठी हवी, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर फट. समोरून ती दिसत नाही, कारण चौकटीची कड तिच्यावर येते. चित्राला खिळा किंवा फेविकॉल अजिबात नको. पत्र्याच्या लहान पट्ट्या घ्यायच्या, त्यांचे एक टोक चौकटीत स्क्रूने बसवायचे आणि दुसरे टोक चित्राच्या पाठीवर हलकेच टेकवायचे. पट्टीखाली जाड लोकरी कापडाचा तुकडा घालावा. मामा सायकलची जुनी ट्यूब घाल म्हणत होते, पण बाईंनी नको सांगितले. रबर उन्हाने चिकट होते आणि डाग पाडते.

आणखी एक. रंग एकाच बाजूला असेल तर उघडी पाठ ओल पिते, तोंड पीत नाही, आणि फळी वाकते. म्हणून नवे चित्र सुरू करायच्या आधीच पाठीला आणि चारी कडांना रंगाचा हात द्यावा. कडांतून ओल सर्वांत लवकर शिरते.

काच लावावी का? पोस्टर रंगाचे चित्र असेल तर लावावीच, पाण्याचा एक थेंब पडला तरी ते विरघळते. तैलरंगाला काचेची तशी गरज नाही. पण काच चित्राला कधीच चिकटू देऊ नये. दमट दिवसांत रंग काचेला धरतो आणि काच काढताना चित्राचा तुकडा तिच्याबरोबर येतो. मध्ये लाकडाच्या चार बारीक पट्ट्या कडेने घालाव्यात. आम्ही असा हिशोब केला: काच २ मिलिमीटर, मधली जागा ४, हार्डबोर्ड ३, मागचा पुठ्ठा ३, एकूण १२. म्हणून खाच १५ मिलिमीटर खोल घेतली, म्हणजे पत्र्याच्या पट्टीलाही जागा राहिली. मागच्या पुठ्ठ्याच्या कडा कागदी पट्टीने बंद कराव्यात. धूळ, कसर आणि झुरळे तिथूनच आत जातात.

टांगायची कडी चौकटीला असावी, चित्राला नाही. खालच्या दोन कोपऱ्यांमागे लाकडाचे छोटे ठोकळे चिकटवले की चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर वारा खेळतो. पावसात जी भिंत पाझरते तिच्यावर चित्र लावूच नये. उन्हाच्या खिडकीसमोर आणि देवाच्या समईवरही नको. काजळी लवकर बसते आणि निघत नाही.

पुसताना उघडे चित्र मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावे, पोपडा दिसत असेल तर तेही करू नये. काच असेल तर पाणी फडक्यावर घ्यावे, काचेवर शिंपडू नये, नाहीतर ते ओघळून खाली चौकटीच्या खाचेत जाते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी