कसोटीच्या काळांतील सोनें-रुपें



महिन्याच्या आरंभीं वाणसामानाची यादी होत असतां, "गेल्या सालीं एवढ्याच पैशांत किती आलें होतें!" असे उद्गार आपण घरोघर ऐकतों. त्यावर घरांतील वडील माणूस बहुधा म्हणतें, "तेव्हांच तोळाभर सोनें घेऊन ठेवलें असतें, तर बरें झालें असतें." हें म्हणणें कितपत खरें आहे, याचा विचार इतिहास व अंकगणित या दोहोंच्या साह्यानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख आपल्या पालकांसह वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम महागाई म्हणजे काय तें पाहूं. नोट खातां येत नाहीं कीं नेसतां येत नाहीं; तिच्या बदल्यांत जें मिळतें तेंच तिचें मोल. बाजारांतील माल होता तेवढाच राहिला आणि नोटा मात्र वाढत गेल्या, तर प्रत्येक नोटेच्या वांट्यास थोडा माल येतो. भाव दरसाल शेंकडा 6 या मानानें वाढत गेले, तर पेटींत ठेवलेल्या 100 रुपयांत 12 वर्षांनंतर आजच्या सुमारें 50 रुपयांचाच माल मिळेल. चोर आला नाहीं, कुलूप फुटलें नाहीं, तरी अर्धें धन नाहींसें झालें! जर्मनींत 1923 सालीं ही गोष्ट पराकोटीस गेली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत एका अमेरिकन डॉलरास 4,20,000 कोटि मार्क पडूं लागले. जन्मभर काटकसर करून पेढींत पैसा ठेवणाऱ्यांची पुंजी पावाच्या तुकड्यासही पुरेना.

सोन्याचें तसें होत नाहीं, याचें कारण उघड आहे. तें छापतां येत नाहीं. तें खाणींतून कष्टानेंच काढावें लागतें, आणि जगांत सांठलेल्या सोन्याच्या मानानें दरसाल निघणारें नवें सोनें अगदीं अल्प असतें. तें गंजत नाहीं, थोड्या जागेंत मावतें, आणि कोणाच्या वचनावर अवलंबून नसतें.

आपल्याच रुपयाची कथा पाहा. 1835 सालापासून रुपयाचें वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, असे. आणि त्यांत 165 ग्रेन शुद्ध चांदी असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, 1940 सालीं, चांदीचें प्रमाण निम्म्यावर आलें. 1947 सालीं तर रुपया निकेलचा झाला. नांव तेंच राहिलें, परंतु आंतील चांदी गेली. त्याच युद्धकाळांत आपल्या देशांत भाव दुपटीहून अधिक चढले. ज्यांच्या घरीं जुने रुपये गाठोड्यांत होते, त्यांच्या हातीं चांदी तरी राहिली.

आतां मंदीकडे वळूं. 1929 सालानंतर शेतमालाचे भाव कोसळले. परंतु सरकारी सारा व सावकाराचें व्याज तसेंच राहिलें. 1931 च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णपरिमाण सोडलें व त्यास जखडलेल्या रुपयानेंही तीच वाट धरली. त्यामुळें पूर्वीं कायद्यानें तोळ्यास 21 रुपये 3 आणे 10 पै या दरानें धरलेलें सोनें पुढें तिसांवर गेलें. तेव्हां खेड्यापाड्यांतील बायकांच्या अंगावरील दागिने सराफाच्या भट्टींत वितळले आणि मुंबई बंदरांतून सोनें जहाजें भरभरून परदेशीं गेलें. त्या सोन्यानें कित्येकांची जमीन वांचली, हें खरें. परंतु गरजवंताला विक्रीची वेळ निवडतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. घराप्रमाणेंच राष्ट्राचें: 1991 सालीं परकीय चलनाची टंचाई पडली, तेव्हां भारतानेंही सुमारें 47 टन सोनें परदेशांत गहाण ठेवून ती वेळ निभावून नेली.

येथवर वाचून कोणी सर्व पुंजी सराफकट्ट्यावर नेऊं लागेल, तर त्यानें क्षणभर थांबावें. नाण्याची दुसरी बाजू अजून पाहावयाची आहे. 1980 च्या जानेवारींत सट्ट्यामुळें चांदी औंसास 50 डॉलरच्या घरांत गेली. मार्चअखेर ती 11 डॉलरच्या खालीं आली. त्याच जानेवारींत सोनें 850 डॉलरपर्यंत चढलें होतें. तो आंकडा पुन्हां दिसण्यास 2008 साल उजाडावें लागलें. रुपयाचें परकीय मोल घटत गेल्यामुळें आपल्याकडे ही घसरण तितकी जाणवली नाहीं, इतकेंच. शिवाय सरकारही कधीं कधीं आडवें येतें. अमेरिकेंत 1933 सालापासून 1974 सालाच्या अखेरपर्यंत खाजगी सोनें बाळगण्यावर निर्बंध होते. भारतांत 1963 सालीं सुवर्णनियंत्रण आलें, त्याचा कायदा 1990 सालीं रद्द झाला.

सोनें व्याज देत नाहीं, हा त्याचा मोठा दोष. दुसरा दोष दागिन्यांचा. 1,00,000 रुपयांच्या सोन्यावर 12,000 रुपये घडणावळ दिली, तर मोडीच्या वेळीं ती परत मिळत नाहीं. अर्थात् सोन्याचा भाव शेंकडा 12 चढेल तेव्हां कोठें आपण मूळ जागीं येतों. म्हणून दागिना हौसेसाठीं, आणि संचय करावयाचा तर वळें किंवा नाणें बरें. 22 कॅरटच्या सोन्यांत हजारांत 916 भाग शुद्ध सोनें असतें. घेतांना शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का पाहावा आणि पावती जपून ठेवावी.

अशी कल्पना करा कीं, दोन शेजारी एकाच कारखान्यांत आहेत. पहिल्यानें सर्व शिल्लक सोन्यांत घातली. दुसऱ्यानें आधीं कर्ज फेडलें, सहा महिन्यांचा खर्च पेढींत ठेवला, आणि उरलेल्यांतून थोडें सोनें घेतलें. कारखाना बंद पडला. पहिल्यास पहिल्याच महिन्यांत, भाव उतरला असतांही, पत्नीच्या बांगड्या मोडाव्या लागल्या. दुसरा थांबूं शकला. दोघांकडेही सोनें होतें. परंतु धीर धरण्याची सवड एकाकडेच होती.

तात्पर्य, आधीं ऋणमुक्ति, मग अडीअडचणीची रोकड, मुलांचें शिक्षण, आणि त्यानंतर बेताचें सोनें, हा क्रम आम्हांस हितावह वाटतो. सोनें श्रीमंत करील या आशेनें घेऊं नये. वाईट काळीं अगदींच रितें होऊं देणार नाहीं, एवढ्यासाठींच घ्यावें.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक पाठ देतों. आपल्या आईवडिलांच्या लग्नाच्या वर्षीं तोळाभर सोनें व मणभर ज्वारी यांचा भाव काय होता, तें घरीं विचारा; आजचा भाव शेजारीं मांडा, आणि त्या एका तोळ्यांत तेव्हां किती ज्वारी येत होती व आतां किती येते, हें त्रैराशिकानें काढा. जें उत्तर येईल, तें या लेखापेक्षां अधिक शिकवील.