जुन्या पिकअप गाडीसाठी क्लचची निवड

टोमॅटोचा हंगाम भरात असताना शेतातील माल पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगाव यांसारख्या बाजारपेठेत वेळेवर पोहोचविणे हे माल पिकविण्याइतकेच महत्त्वाचे असते. हे काम आता मुख्यत्वे पिकअप गाड्यांकडूनच होते व त्यांपैकी पुष्कळ गाड्या दहा-बारा वर्षे वापरलेल्या, दुसऱ्या अथवा तिसऱ्या हातच्या असतात. भरलेली गाडी चढावर उभी राहावी, इंजिन जोराने फिरत असावे, परंतु चाके मात्र जागची हलू नयेत, असा प्रसंग आला म्हणजे दोष बहुधा क्लचचा असतो. अशा वेळी हाती लागेल तो क्लच घाईने बसवून घेतला जातो आणि पुढचा हंगाम येण्यापूर्वीच तो पुन्हा निकामी होतो. क्लच बदलावयाचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ती मजुरी दोनदा भरावी लागते व त्या दिवसाचा माल बाजार चुकतो तो वेगळाच.

क्लचची रचना थोडक्यात अशी असते. इंजिनबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेटचे झाकण बोल्टांनी जखडलेले असते. त्यातील स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट ही क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांस घर्षणाचे लायनिंग असते. चालकाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर रेटले जाते, दाब सुटतो आणि इंजिनचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. क्लच किती ओढ सहन करील हे स्प्रिंगचा दाब, लायनिंगचा घर्षणगुण आणि प्लेटचा व्यास या तीन गोष्टींवर ठरते. यांपैकी एक जरी कमी पडली तरी प्लेट घसरू लागते, घसरल्याने तापते आणि तापल्याने अधिकच घसरते.

नवीन क्लच विकत घेण्यापूर्वी जुना खरोखरच संपला आहे काय, हे पाहावे. सपाट जागी, गाडीच्या पुढे कोणी नाही याची खात्री करून, हँडब्रेक पक्का ओढावा व इंजिन सुरू करून वरचा गिअर टाकावा. मग किंचित ॲक्सिलरेटर देऊन पेडल सावकाश सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडेल. पेडल पूर्ण सुटूनही ते चालूच राहिले तर प्लेट घसरत आहे असे समजावे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण तिच्यामुळेही प्लेट तापते. केबलने चालणाऱ्या क्लचमध्ये लायनिंग झिजत जाते तसतशी पेडलची मोकळी चाल कमी होते. ही चाल अजिबात उरली नसेल तर बेअरिंग सतत दाब देत राहते आणि चांगली प्लेटही घसरते; तेथे प्रथम केबल जुळवून पाहावी. उलट, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचचे पेडल खोल जाऊन गिअर पडत नसेल, तर प्लेटऐवजी सिलिंडर व त्यातील तेलाची पातळी तपासावी. पेडल दाबताच आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग गेलेले असते. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज मात्र गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक. त्यासाठी क्लचवर पैसे खर्चून उपयोग नाही.

क्लच संपला असे ठरले, तरी तो का संपला हा प्रश्न उरतोच, आणि निवडीत त्याचेच महत्त्व सर्वांत अधिक आहे. उतरविलेल्या प्लेटवर तेलाचा ओलसर काळा थर दिसला तर इंजिनची मागची किंवा गिअरबॉक्सची पुढची ऑईल सील गळत आहे. ती बदलल्याशिवाय कितीही भारी क्लच बसविला तरी त्याची गत तीच होणार. लायनिंग कोरडे, पण जळकट वासाचे आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील, तर दोष चालविण्याच्या पद्धतीत किंवा ओझ्यात शोधावा.

ओझ्याचा हिशेब शेतकरी बंधूंनी स्वतःच करून पाहावा. टोमॅटोच्या एका क्रेटात सुमारे 20 किलो माल मावतो. रिकाम्या क्रेटचे वजन धरून ते 22 किलो समजू. गाडीच्या कागदांवरील वहनक्षमता 1200 किलो असेल तर 54 क्रेट हा तिचा पूर्ण भार झाला. प्रत्यक्षात 80 क्रेट चढविलेले पुष्कळदा आढळतात. म्हणजे भार 1760 किलो, जवळजवळ दीडपट! भर म्हणून पुष्कळ चालकांना पहिला गिअर टाळून दुसऱ्या गिअरमध्येच गाडी उचलण्याची सवय असते. सपाट रस्त्यावर गाडी उचलताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने गाडीच्या एकूण वजनाच्या आणि ज्या वेगाला प्लेट घसरणे थांबते त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुसऱ्या गिअरमध्ये हा वेग पहिल्याच्या पावणेदोनपट असेल तर उष्णता सुमारे तिप्पट होते. चढावर ती याहूनही वाढते. चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हाही त्यातलाच प्रकार होय.

आमच्या पाहण्यातील एका गाडीचा क्लच एकाच वर्षात दोनदा बदलला गेला. मालकाने दोन्ही वेळा दुकानदाराला दोष दिला. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने शेतातून रस्त्यावर येणाऱ्या चढाकडे बोट दाखविले. तो चढ मुरूम टाकून थोडा सौम्य केला आणि चालकाने पहिला गिअर वापरण्यास सुरुवात केली. त्यानंतर बसविलेला साधाच क्लच पुढे टिकला.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. केवळ गाडीचे नाव सांगून क्लच मागू नये. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षे इंजिने बदलत आली आहेत. 2017 साली बीएस-चार आणि 2020 साली बीएस-सहा ही धूरविषयक मानके देशभर लागू झाली, तेव्हाही अनेक गाड्यांची इंजिने व त्यांचे भाग बदलले. म्हणून नोंदणीपुस्तकातील चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक व उत्पादनाचा महिना दुकानात न्यावा आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्यावा. जुनी प्लेटही सोबत असावी. व्यास, मधल्या खाचांची संख्या, शाफ्टच्या छिद्राचा व्यास आणि हबची उंची या चार गोष्टी नव्या प्लेटशी ताडून पाहाव्यात. मात्र जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने बसविलेली प्लेटच चुकीची असू शकते, हेही विसरू नये. पार्ट नंबर आणि जुनी प्लेट यांचा मेळ बसला नाही तर प्रेशर प्लेटच्या बोल्टांची छिद्रे फ्लायव्हीलवर जुळतात काय ते तपासून मगच निर्णय घ्यावा.

ट्रॅक्टरमध्ये सिरॅमिकची बटन प्लेट चालते, मग पिकअपमध्ये का नको, असे पुष्कळजण विचारतात, आणि ‘कधीच जळणार नाही’ असे सांगून ती गळ्यात मारणारेही भेटतात. बटन प्लेट उष्णता अधिक सोसते हे खरे. परंतु ती हळुवार पकडत नाही, एकदम झडप घालते. ट्रॅक्टर जड बांधणीचा असतो व अगदी कमी वेगाच्या गिअरमध्ये उचलला जातो. पिकअपला दिवसातून शेकडो वेळा गिअर बदलावे लागतात. तेथे प्रत्येक धक्का गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि क्राऊन-पिनियन यांना बसतो व फ्लायव्हीलही लवकर खरवडते. जुन्या गाडीचे हे भाग आधीच झिजलेले असतात. तेव्हा मालवाहू जुन्या पिकअपसाठी मूळ मापाची साधी लायनिंगची प्लेटच पसंत करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नुसती प्लेट बदलून प्रेशर प्लेट व बेअरिंग जुनेच ठेवणे ही काटकसर नव्हे. तापून गेलेल्या स्प्रिंगचा जोर कमी झालेला असतो, आणि बेअरिंग पुढे बिघडले की गिअरबॉक्स पुन्हा उतरवावाच लागतो. यास्तव तिन्ही भागांचा पूर्ण सेट एकाच उत्पादकाचा घ्यावा. लायनिंग नव्याने ठोकून दिलेली जुनी प्लेट स्वस्त पडते. पण तिच्या हबच्या खाचा व धक्का सोसणाऱ्या छोट्या स्प्रिंगा जुन्याच राहतात. हंगामाच्या मध्यावर दुसरा इलाजच नसेल तरच ती वापरावी. खोक्यावरील छपाई अस्पष्ट असणे, भागावर क्रमांक कोरलेला नसणे, पक्के बिल देण्यास टाळाटाळ होणे ही नकली मालाची लक्षणे समजावीत.

बसविताना फ्लायव्हील निरखून पाहावे. खोल चर असेल तर लेथवर साफ करून घ्यावे, आणि तडा असेल तर बदलावे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो व त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असते, म्हणून ती हवेच्या नळीने उडवू न देता ओल्या फडक्याने पुसावी. नव्या लायनिंगला तेलकट हात लागू देऊ नयेत. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत.

पहिले सुमारे 500 किलोमीटर भार हलका ठेवावा, म्हणजे लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसते. त्यामुळे शक्य असल्यास हे काम हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधीच उरकून घ्यावे. नव्या सेटचा पार्ट नंबर, बसविल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.