पुढचं चाक आधी

फुल सस्पेन्शनची सायकल घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो ते ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअप किती दबतो ते. पुढे किती, मागे किती, 120 की 140. मग ब्रेक, मग गिअर. टायरचा विषय निघतो तो सायकल घरी आल्यावर, बहुधा पहिल्या पंक्चरनंतर. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात सायकल चालवणाऱ्यांना हा उशीर महागात पडतो, कारण इथली जमीन दर थोड्या अंतरावर बदलते.

उल्हासनगर ते बदलापूर स्टेशन रेल्वेने जेमतेम 10 किलोमीटर. पण सायकलवर तेवढ्यात उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्यांचे पेव्हर ब्लॉक येतात, मोठ्या रस्त्याचं काँक्रीट येतं, अंबरनाथच्या एमआयडीसीच्या आसपास रस्त्याकडेला सांडलेला लोखंडाचा चुरा येतो. बदलापूर सोडून भोज-कोंडेश्वरकडे किंवा बारवी धरणाकडे वळलं आणि डांबर सुटलं की मुरूम, भातखाचरांचे बांध, सागाचा पाचोळा, आणि या सगळ्याखाली आपला काळा बसाल्ट. कोरडा असेल तेव्हा बसाल्टवर टायर छान धरतो. जुलैत त्यावर शेवाळ चढलं की पायी उभं राहणंही मुश्कील.

माझी सायकल 29 इंची चाकांची, 130 मिलिमीटर ट्रॅव्हलची, सेकंड हँड. टायर संपलेले होते म्हणून दुकानदाराने देतानाच नवी जोडी बसवून दिली. दोन्हीकडे एकच टायर, मधोमध जवळजवळ सपाट आणि कडेला बारीक बटणं. ‘रोडला पळेल, ट्रेललाही चालेल, दोन वर्षं बघायला नको,’ असं त्याने छातीठोक सांगितलं. रोडला ती खरंच पळाली. उन्हाळाही निभावला. पाऊस लागल्यावर कोंडेश्वर बाजूच्या एका उतारावर वळण घ्यायला सायकल जराशी कलती केली आणि पुढचं चाक सरळ बाजूला निघून गेलं. वेग फार नव्हता, ब्रेक दाबलेला नव्हता, दोन्ही शॉकअप आपापलं काम चोख करत होते. मनगटाचं हाड मोडलं आणि उरलेला पावसाळा घरात गेला.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसलो होतो तेव्हा भाच्याने तो टायर उतरवून समोर ठेवला. कडेच्या बटणात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, रुतेना. रबर इतकं टणक. बटणांमधल्या फटी वाळलेल्या चिखलाने गच्च भरलेल्या, स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर कुठे नक्षी दिसायला लागली. साइडवॉलवर बारीक अक्षरांत 54-622 हा आकडा आणि जास्तीत जास्त हवेची मर्यादा. दुकानातून निघताना हवा त्या मर्यादेच्या जवळपास ठासलेली होती. म्हणजे रस्त्यावर पळण्यासाठी घडवलेला अरुंद टायर, दगडासारखा फुगवून, ओल्या डोंगरउताराला जुंपलेला. त्यानंतर टायरबद्दल जे शिकलो, वापरून पाहिलं, सोबत्यांच्या सायकलींवर पडताळलं, ते असं.

आधी एक गैरसमज. ‘शॉकअप आहेत ना, मग टायर कुठलाही चालेल,’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. शॉकअपचं काम चाक जमिनीला टेकवून ठेवण्याचं. टेकलेलं चाक जमीन धरेल की सटकेल, हे टायरवर ठरतं. शिवाय खडी आणि बारीक दगडांचा जो सततचा खडखडाट असतो, तो आधी टायरनेच जिरवायचा असतो. इतक्या छोट्या धक्क्यांना शॉकअप पुरता हलतही नाही, कारण त्याच्या सीलमध्येच तेवढं घर्षण असतं. टायर कडक असेल तर महागडी सायकलही हात बधिर करते. मग माणूस शॉकअपची हवा कमी-जास्त करत बसतो.

आता माप. 29, 27.5 किंवा 26 ही बोलायची मापं झाली. खरं माप साइडवॉलवरच्या जोडआकड्यात असतं. त्यातला दुसरा आकडा, म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, जुळलाच पाहिजे: 29 इंचीला 622, 27.5 ला 584, 26 ला 559 मिलिमीटर. उल्हासनगरच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डबल शॉकर सायकली अजूनही बऱ्याचदा 26 इंची असतात आणि तिथे हमखास गोंधळ होतो. साध्या लेडीज सायकलचा 26 गुणिले 1 3/8 हा टायरही ‘सव्वीस’च म्हणवतो, पण त्याचा आकडा 590. तो 559 च्या रिमवर कधीच बसणार नाही. पहिला आकडा रुंदीचा. आपल्या वाटांना 2.3 ते 2.4 इंच, म्हणजे 58 ते 61 मिलिमीटर ही रुंदी योग्य. रिमची आतली रुंदी 25 ते 30 मिलिमीटर असेल तर असा टायर नीट फुलून बसतो.

रुंद टायर घेण्यापूर्वी फुल सस्पेन्शनवाल्यांनी एक तपासणी करायलाच हवी. मागच्या शॉकअपची हवा सोडा आणि सायकल पूर्ण खाली दाबा. मागचं चाक वर येऊन सीटच्या नळीला किंवा फ्रेमच्या कुठल्या भागाला टेकतंय का, ते पाहा. उभ्या सायकलमध्ये भरपूर दिसणारी जागा दबल्यावर नाहीशी होते. फोर्कलाही हेच करा. आपल्याकडचा चिखल धरता चारही बाजूंना निदान बोटभर जागा उरली पाहिजे.

मग मुख्य मुद्दा: पुढे-मागे एकच टायर असण्याची काहीही सक्ती नाही. पुढचं चाक वळवतं आणि ब्रेकचा मोठा भार पेलतं. ते सटकलं तर सावरायला वेळ मिळत नाही. मागचं चाक घसरलं तर सायकल नुसती शेपूट हलवते, पाय टेकून सावरता येतं. म्हणून पुढे उंच, सुट्या बटणांचा, कडेला भक्कम बटणं असलेला आणि मऊ रबराचा टायर घ्यावा. मागे मधली बटणं बुटकी आणि जवळजवळ, रबर जरा कडक, पण साइडवॉल जाड. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ किंवा श्वाल्बेचा मॅजिक मेरी ही पुढच्या टायरची जगभर वापरली जाणारी उदाहरणं. मागे मॅक्सिसचा अ‍ॅग्रेसर किंवा श्वाल्बेचा नॉबी निक लावणारे पुष्कळ आहेत. नाव महत्त्वाचं नाही, बटणांची ठेवण पाहायला शिका. आणि एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या रबरात, वेगवेगळ्या जाडीत येतो, तेव्हा नुसतं नाव सांगून ऑर्डर देऊ नका.

मऊ रबर मागेही का नको, तर घरापासून वाटेपर्यंतच्या काँक्रीटमुळे. मागच्या चाकावर आपलं निम्म्याहून जास्त वजन असतं आणि पेडलचा जोरही त्याच्यावरच. मऊ बटणं काँक्रीटवर खोडरबरासारखी झिजतात. सायकल गाडीवर टाकून थेट वाटेच्या तोंडाशी नेणाऱ्यांनी दोन्हीकडे मऊ रबर खुशाल वापरावं. उल्हासनगरहून पेडल मारत जाणाऱ्यांना ते परवडणार नाही.

साइडवॉलकडे दुर्लक्ष नको. बसाल्टचा फुटलेला दगड धारदार असतो. बारवीच्या बाजूला एका सोबत्याच्या हलक्या टायरची कड अशी फाटली की ट्यूब बाहेर डोकावायला लागली. दुधाची रिकामी पिशवी घडी करून आतून लावली, तेव्हा कुठे हळूहळू डांबरापर्यंत आलो. ट्रेलसाठीचा बरा 2.4 चा टायर साधारण 900 ग्रॅमचा असतो, डाउनहिलचा 1200 च्या वर. आपल्याला पहिला पुरतो, पण सातशे ग्रॅमच्या नाजूक टायरच्या मोहात पडू नका.

आता हवा, कारण चांगला टायरही चुकीच्या हवेने वाया जातो. साइडवॉलवरचा मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. 70 किलोच्या स्वाराने 2.4 च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 22-23 आणि मागे 25-26 पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर तीन-चार पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. वजनानुसार एकेक पीएसआयने खालीवर करून पाहा. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरला सायकल दाखवू नका, तिथे दोन सेकंदांत 50 च्या पुढे जातं. स्वतःचा पंप आणि स्वतःचा एकच गेज ठेवा. दोन गेज कधी एकसारखं सांगत नाहीत. उन्हाचाही हिशेब धरा. सकाळी 25 अंशांत 25 पीएसआय भरलेला टायर दुपारी तापून 45 अंशांवर गेला, तर आतला दाब 27-28 होतो.

ट्यूबलेस करावं का? रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले असतील तर जरूर. आपल्याकडे बाभूळ आणि बोरीचे काटे अमाप, आणि सीलंट असले बारीक भोक चालता चालता बुजवतं. पण आपल्या उष्णतेत ते लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी आत पाहून भर घालावी लागते. साध्या रिमवर टेप चिकटवून जुगाड करू नका. वळणावर टायरची कड सुटली तर सीलंट काही करू शकत नाही. ट्यूबलेस असलं तरी पिशवीत एक ट्यूब हवीच. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट सांगतो. सुट्या बटणांचा टायर चिखल झटकून टाकतो आणि मातीत रुततो. शेवाळलेल्या बसाल्टवर मात्र कुठलंही बटण रुतत नाही. मऊ रबर आणि कमी हवा यांनी थोडा फरक पडतो, इतकंच. अशा दगडावर वळू नका, पुढचा ब्रेक दाबू नका, आणि शंका आली तर उतरून चाला. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी पावसाळ्यात प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, निघण्यापूर्वी त्यांची चौकशी करा. ऑक्टोबरनंतर वाट टणक होते आणि वर मुरमाचे सुटे खडे राहतात, तिथे कडेची बटणं तारतात. मार्चपासून पाचोळ्याखालचा दगड दिसत नाही, म्हणून जाड साइडवॉल.

दुकानात गेलात की चार गोष्टी करा. बटणात नख रुतवून पाहा. साइडवॉलला बारीक भेगा नाहीत ना, ते वाकवून बघा. गोदामात पडून राहिलेलं रबर नवं दिसलं तरी म्हातारं असतं. जोडआकडा वाचा. फिरण्याच्या दिशेचा बाण बसवताना बरोबर आहे ना, ते पाहा. दुकानदार ‘दोन्हीकडे हाच चालेल’ म्हणाला, तर तुम्ही कुठल्या वाटेवर चालवता हे त्याने विचारलं का, ते आठवा. विचारलं नसेल तर दुसरं दुकान गाठा.

बजेट एकाच टायरचं असेल तर नवा टायर पुढे बसवा, पुढचा जुना मागे घ्या आणि मागचा झिजलेला भंगारात द्या. हा क्रम कधीही उलटा करू नका.