आप्ताच्या घरातील भाडेकरू

ब्रिटनमध्ये अल्प मिळकतीच्या भाडेकरूला घरभाड्याचा काही भाग, प्रसंगी सर्व भाडे, सार्वजनिक निधीतून मिळण्याची सोय आहे. ‘हाउसिंग बेनिफिट’ या नावाने ती ओळखली जाते. आपल्याकडील घरभाडे भत्ता हा वेतनाचा भाग असतो. हे साहाय्य त्याहून निराळे, नोकरीशी नव्हे तर गरजेशी निगडित आहे. १९८२ च्या कायद्याने ही योजना उभी राहिली आणि तिचा कारभार स्थानिक नगरपालिकांकडे आला. कामकरी वयाच्या लोकांसाठी २०१३ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे एकत्रित साहाय्य क्रमाक्रमाने लागू झाले. निवृत्तिवेतनाचे वय गाठलेल्यांसाठी मात्र जुनी योजना चालू राहिली. प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

घराचा मालक भाडेकरूचा आप्त असेल तर हे साहाय्य मिळतच नाही, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. २००६ च्या नियमावलीतील नववा नियम नात्याला सरसकट मज्जाव करीत नाही. तो मज्जाव करतो तो दोन गोष्टी एकत्र आल्या असता : मालक हा ‘निकटचा नातेवाईक’ असणे, आणि तो त्याच घरात राहत असणे. आईवडील, सासूसासरे, मुलगा, मुलगी, सून, जावई, सावत्र आईवडील, सावत्र मुले, भाऊ, बहीण आणि या सर्वांचे जोडीदार हे निकटचे नातेवाईक होत. आजी, मामा, काका, चुलतभाऊ या यादीत नाहीत. आपल्या कुटुंबकल्पनेला हे विचित्र वाटेल. पण कायद्याने रेषा तेथे ओढली आहे खरी.

‘त्याच घरात राहणे’ याचाही अर्थ ठरलेला आहे. केवळ स्नानगृह, शौचकूप किंवा येण्याजाण्याचा मार्ग सामाईक असल्यास एकत्र राहणे होत नाही. स्वयंपाकघर सामाईक असल्यास होऊ शकते. म्हणजे सत्तरीची विधवा मुलाच्या घरात एक खोली घेऊन सुनेच्याच चुलीवर जेवत असेल, तर ती दरमहा चोख भाडे देत असली तरी तिचा अर्ज नामंजूर होईल. तीच बाई मुलाच्या मालकीच्या दुसऱ्या घरात स्वतंत्र राहत असेल, तर अर्ज विचारार्ह ठरतो. तीन पिढ्या एका छपराखाली नांदविणाऱ्या, तेथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना ही अट अधिक जाचते, यात नवल नाही.

वेगळे राहूनही खरी कसोटी पुढेच आहे. भाडेकरार ‘व्यावहारिक पायावर’ असला पाहिजे, आणि साहाय्य उपटण्यासाठी रचलेला बनाव नसला पाहिजे. व्यावहारिकता ठरविताना, कराराच्या अटी कायद्याने बजावता येण्याजोग्या आहेत की नाहीत, हे पाहावे असे नियमच सांगतो. दोन परक्या माणसांनी असाच व्यवहार केला असता काय, असा प्रश्न अधिकारी मनाशी ठेवतो. लेखी करार आहे का? भाडे खरोखर हातोहात जाते का? थकल्यास मालक काय करतो?

हा शेवटचा प्रश्न मोठा अवघड आहे. आजारी मुलाला आपले घर भाड्याने देणारी आई तीन महिन्यांचे भाडे थकले म्हणून त्याला बाहेर काढील काय? बहुधा नाही. आणि तिने न काढणे हेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येऊ शकते : भाडे वसूल करण्याचा हेतूच नव्हता, मग देणे लागते कसे? मायेने केलेली सवलत कायद्याच्या तराजूत अशी उलटी पडते. तथापि एकट्या एका गोष्टीवरून निर्णय करावयाचा नसतो. सगळा व्यवहार एकत्र पाहावा लागतो. बाजारभावापेक्षा भाडे काहीसे कमी असणे, मालक कनवाळू असणे, एवढ्याने करार खोटा ठरत नाही. भाडेपुस्तक, बँकेच्या नोंदी, थकबाकीबद्दल लिहिलेले एखादे साधे पत्र, यांना अशा वेळी मोल येते.

आणखी एक खाचखळगा वृद्धांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. स्वतःचे घर मुलाच्या नावे करून त्याच घरात भाडेकरू म्हणून राहणाऱ्यास, मालकी सोडल्यापासून पाच वर्षे पुरी होईपर्यंत साहाय्य मिळत नाही. मालकी सोडल्यावाचून त्या घरात राहणेच अशक्य झाले होते, असे सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. हप्ते थकून घर जाण्याची वेळ आली असता मुलाने ते विकत घेतले, तर हा अपवाद लागू पडू शकतो. नुसत्या प्रेमापोटी केलेल्या बक्षीसपत्राला तो लागू पडणे कठीण.

अर्ज नाकारला गेल्यास एका महिन्याच्या आत फेरविचार किंवा अपील मागता येते. पूर्वी अशी गाऱ्हाणी ऐकणाऱ्या मंडळावर त्याच नगरपालिकेचे सभासद बसत. २००१ साली ती पद्धत संपली, आणि तेव्हापासून अपिले स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे चालतात. तेथे अर्जदार स्वतः उभा राहून आपली कागदपत्रे दाखवू शकतो. मालक असलेली आई, बहीण किंवा मुलगा साक्षीला येऊ शकतो.