परीक्षकाची शून्य त्रुटी

स्क्रू गेज हाती घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती करावयाची, हे तुम्हांला ठाऊक आहेच. स्क्रूचे टोक समोरच्या टोकाला टेकवून वर्तुळाकार पट्टीवरील शून्य रेषेशी जुळते का, ते पाहावयाचे. जुळत नसेल तर उपकरणात शून्य त्रुटी आहे. मग तारेची जाडी शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी ती त्रुटी जात नाही, कारण प्रत्येक वाचन एकाच दिशेने चुकलेले असते. असा दोष परीक्षण करणाऱ्या माणसात असला तर?

संगणकाच्या काही आज्ञावल्या सर्वांना वाचता व सुधारता याव्यात म्हणून खुल्या ठेवलेल्या असतात. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही त्यांतलीच. तुमच्या घरच्या अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्याशी तीच आहे. अशा आज्ञावलीत कोणीही सुधारणा सुचवू शकतो. मात्र ती सामील करण्यापूर्वी एखादा जाणकार ती तपासतो.

ही तपासणी कडकच हवी. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत २०११ च्या अखेरीस एक सोय जोडली गेली. पलीकडचा संगणक काही अक्षरे पाठवून, ती किती आहेत हे सांगून, परत मागतो. सांगितलेला आकडा खरा आहे का, हे पडताळण्याचे लिहिणाराकडून राहिले आणि परीक्षकाच्याही नजरेतून सुटले. त्यामुळे थोडी अक्षरे पाठवून हजारो मागितली, तर संगणक स्मृतीतला शेजारचा मजकूर, प्रसंगी कुणाचा परवलीचा शब्दही, देऊन टाकी! ‘हार्टब्लीड’ नावाचा हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला.

पण कडक तपासणी सर्वांना सारखीच कडक असते का? गिटहब या ठिकाणी सुचवलेल्या सुधारणांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदरीत स्त्रियांच्या सुमारे ७९ टक्के सुधारणा स्वीकारल्या गेल्या होत्या, पुरुषांच्या सुमारे ७५ टक्के. आता मौज पाहा. प्रकल्पाला अनोळखी असलेल्यांपुरते पाहिले आणि नावावरून वा चित्रावरून स्त्री की पुरुष हे कळत असले, तर मात्र पुरुषांचे प्रमाण वरचढ ठरले. ओळख उघड असता पुरुषांचेही प्रमाण घटत होते, पण स्त्रियांइतके नाही. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. इतर कारणे पूर्णपणे वगळता येत नाहीत. तरीही काटा एका बाजूला झुकलेला दिसतो, एवढे म्हणावयास हरकत नाही.

यावर परीक्षकांची संख्या वाढवणे हा उपाय अपुरा आहे, हे शून्य त्रुटी समजलेल्या मुलाला सांगावयास नको. पद्धतच बदलावी लागते. काही चाचण्या यंत्राकडून करवून घेता येतात. यंत्राला नाव दिसत नाही. नकाराचे कारण लेखी देण्याचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कारण चुकीचे असेल तर तेही तपासता येते. नाव झाकण्याचा प्रयोग गूगलमध्ये सुमारे ३०० तंत्रज्ञांवर झाला. परीक्षक अनेकदा लेखक कोण हे ओळखत; तरी वरिष्ठ-कनिष्ठ या भेदाचा प्रभाव कमी झाला.

वर्गात करून पाहा. एकाच प्रश्नाची वीस उत्तरे घ्या. एका शिक्षकांकडून ती नावासह तपासून घ्या, महिन्याभराने त्यांच्याकडूनच नावाविना, आणि प्रत्येक उत्तराच्या गुणांतील फरक आलेखावर मांडा. हस्ताक्षरावरून ओळख पटते, तेव्हा दोन्ही वेळच्या प्रती तिसऱ्याच मुलाकडून उतरवून घ्याव्यात.